हे आत्यांना वाचून दाखवू नका

तिसगाव, ९ एप्रिल

आत्या,

मोनिकाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. पाय मागे ओढून घेतले असतील तर जिथे होते तिथल्या जमिनीवर.

फोन केला की तुम्ही निकिताताईंच्या हातून तो घेता, कानाला लावता आणि एक शब्द बोलत नाही. नुसता श्वास ऐकू येतो आणि मागे ताईंच्या घरातला मिक्सर. लेकाशी बोलता, सुनेचा आवाज आला की मुक्या. म्हणून लिहायला घेतलं. तुम्हाला वाचता येत नाही, म्हणजे हे ताईच वाचून दाखवणार, आणि त्या एकदा सुरू झाल्या की मधे थांबणाऱ्यातल्या नाहीत. लेकीच्या तोंडून सुनेचं बोलणं ऐकावंच लागेल. पाकीट मनमाडकडे जाणाऱ्या कांद्याच्या गाडीवाल्याकडे दिलंय, तो कोल्हारला चौकात उतरून ताईंच्या हातात देईल.

वस्तीवर मी सगळ्यांना सांगितलंय की आत्या लेकीकडे विश्रांतीला गेल्या. खरं कारण आपल्या दोघींना ठाऊक आहे आणि त्या दिवशी दवाखान्यात जे जे उभे होते त्यांना. तुम्ही वाफ्यात आडव्या झालात, अंग भाजत होतं आणि घामाचा टिपूस नव्हता. मळ्यावरच्या छगनच्या ट्रॉलीत घालून तुम्हाला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, आजी, दिवसाला पाणी किती पिता? तुम्ही पडल्या पडल्या पदर सावरला आणि म्हणालात, "भरपूर पिते." मला राहवलं नाही. मी म्हणाले, खोटं आहे डॉक्टर. या पहाटे अंधारात जाऊन येतात, मग दिवस मावळेपर्यंत रानात जायला जागाच नसते, म्हणून पाणी पीत नाहीत. खोलीत करण होता, छगन होता, मळ्याचे मालक आप्पासाहेब होते. छगन भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लागला. आप्पासाहेबांना एकदम कुणाला तरी फोन करायचा आठवला.

सलाईन संपल्यावर तुम्ही एवढंच बोललात, "चारचौघांत माझी अब्रू काढलीस. बाप्यांम्होरं माझ्या मुतन्याचं बोललीस." त्यानंतर आजपर्यंत एक अक्षर नाही.

मी माफी मागायला लिहीत नाही, हे आधीच सांगते. डॉक्टर म्हणाले, बरं झालं सांगितलंत, किडनीवर आलं होतं. मी गप्प बसले असते तर तुमची अब्रू राहिली असती आणि तुम्ही राहिला नसतात.

लिहायचं कारण वेगळं आहे. पाडव्याला तुम्ही आप्पासाहेबांना शब्द दिलात की यंदाचा सगळा कांदा आमचीच टोळी काढणार. तुम्ही गेलात कोल्हारला, शब्द राहिला इथं. करण म्हणतो आईच्या जागी तूच जा. बाया म्हणतात मुकादमीण घरातलीच हवी, नाहीतर मालक पुढच्या साली दुसऱ्या गावची टोळी बघेल. नको म्हणणारी मी एकटी, आणि घरात एकटीचं कोण ऐकतं ते तुम्हाला सांगायला नको. आज पहिल्यांदा तुमची विळी घेऊन सगळ्यांच्या पुढे बसले. मला यातून सोडवा. तुमचा शब्द तुम्हालाच मागे घेता येईल. आप्पासाहेबांना एक फोन करा, सांगा यंदा जमत नाही. एवढंच मागते.

तुमची सून,
मोनिका

(ताई, हे तुमच्यापुरतं, आत्यांना वाचून दाखवू नका. त्यांना पाणी देता ते त्या पितात का, हे समोर उभं राहून बघा. हातात तांब्या दिला म्हणजे प्यायल्या असं धरू नका.)


तिसगाव, २० एप्रिल

आत्या,

तुमचा फोन आप्पासाहेबांना आला नाही. करणला मात्र आला, आणि तो म्हणाला, आई म्हणती काम थांबू देऊ नका. बरं. हा निरोप मला सांगताना त्याला हसू आलं, मला नाही आलं.

तुमच्या टोळीचं कसं चाललंय ते ऐका. कांद्याच्या माना पडल्यात, काढणीला एक दिवस उशीर झाला तरी आप्पासाहेब बांधावर येऊन उभे राहतात. आम्ही रांगेनं बसतो, उपटतो, पात खांडतो, पुढे सरकतो. काम उक्तं, एकरावर ठरलेलं असल्यानं एक बाई उठली की तिचा वाफा शेजारणीच्या वाट्याला, म्हणून कुणी उठत नाही. तुमचा कायदाही तसाच चालू आहे, पलीकडच्या बांधाला टेकल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही. मी पहिल्या दिवशी म्हणून बघितलं की मधेच प्या, मी काही बोलणार नाही. ठकूबाई म्हणाली, "तू न्हाई बोलनार, पर पानी बोलतंय ना घटकाभरानं."

बांधाला टेकल्यावर काय करतात ते तुम्हीच शिकवलंय. तोंडात घोट घ्यायचा, गालात खेळवायचा आणि थुंकून टाकायचा. चूळ भरली की तोंड ओलं होतं आणि पोटात काही जात नाही. जारभोवतीची माती चिखल झालेली असते. जार दुपारीच रिकामा होतो आणि आप्पासाहेब खूश होऊन म्हणतात, आमच्या बाया पाणी भरपूर पितात.

बांधावर आधी घाणेरी होती, दोन-चार बाभळी होत्या. जेसीबीनं सगळं साफ केलं. आता बांधावरून नजर टाकली तर थेट डांबरी रस्त्यावरचा माणूस दिसतो, म्हणजे त्यालाही आपण दिसतो. त्यात छगन आणि त्याचे दोघे भरणीवाले दिवसभर ट्रॉलीपाशी.

मी काही हातावर हात ठेवून बसले नाही. आप्पासाहेब करणचे चुलते लागतात, त्यांच्याशी डोक्यावर पदर घेऊन बोलायचं, आणि त्या पदराखालून हा विषय काढायचा, ते मला जमलं नाही. म्हणून त्यांच्या बायकोच्या कानावर घातलं. तिनं त्यांच्या कानावर घातलं. माणूस मनानं कंजूष नाही. दुसऱ्याच दिवशी चार बांबू रोवून भोवती हिरवी जाळी बांधून दिली. कुठे बांधली, तर वाफ्यांच्या आणि ट्रॉलीच्या बरोबर मधे, सगळ्यांना सोयीची पडावी म्हणून. आख्ख्या सपाट रानात तेवढीच एक उभी गोष्ट. वाफ्यातून उठून तिकडे चालायला लागलं की सगळ्या शिवाराला कळणार कोण चाललंय आणि कशाला. ठकूबाई म्हणाली, "त्यापरीस हलगी लावून जाऊ की."

दोन दिवस कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवसापासून छगन आत त्याची मोटारसायकल लावतो. सीट तापत नाही म्हणाला.

मी चिडले, पण चिडून कुणाला काय म्हणू? त्याला हटकायचं तर जागा कशासाठी आहे ते तोंडानं म्हणावं लागेल. तुमच्या वयाची बाई म्हणाली असती. मी अजून तुमच्या घरची नवी सून आहे, मला मूल नाही, केस पांढरे नाहीत. माझं कुणी ऐकून घेणार नाही, नुसतं दात काढतील.

आप्पासाहेबांना फोन करा. मी दुसऱ्यांदा मागते आहे.

मोनिका

(ताई, हा कंस आत्यांना वाचून दाखवू नका. मी पहिले काही दिवस प्यायले पाणी. मला वाटलं मी शिकलेली, मी पिणार. मग दुपारी अशी वेळ आली की वाफ्यात बसल्या जागी डोळ्यांत पाणी आलं आणि तसंच रात्रीपर्यंत धरून ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून मीही चूळच भरते. जाताना आता आग होते. रंग चहासारखा असतो. तुमच्या ओळखीच्या बाई डॉक्टर असतील तर विचारून ठेवा, माझं नाव न सांगता.)


तिसगाव, ३ मे

आत्या,

तुम्ही फोनवर आता श्वाससुद्धा ऐकवत नाही. ताई म्हणतात आई झोपली आहे. माझ्या फोनच्या वेळेलाच बरी झोप लागते तुम्हाला.

कळवायचं एवढंच की परवा ठकूबाई वाफ्यात पडली. घाबरण्यासारखं नाही. विहिरीवर नेऊन अंगावर पाणी ओतलं, मग तिसगावला दवाखान्यात दाखवलं, पित्ताच्या गोळ्या दिल्यात. एक दिवस घरी राहिली, आज पुन्हा कामावर आहे. काम निम्म्याच्या पुढे गेलंय. आप्पासाहेब म्हणतात आभाळ यायच्या आत उरकायचं. करण बरा आहे. तुमच्या शेळीला करडू झालं, बोकड नाही, पाट आहे. मीही बरी आहे.

मोनिका

(ताई, आता जे लिहिते ते आत्यांना अजिबात वाचून दाखवू नका, तुम्हाला माझी शपथ. ठकूबाई धडधाकट आहे, मी तिचं नाव घेतलं हे कळलं तर शिव्या घालेल. पडले मी.

दुपारी पोटऱ्यांत गोळे यायला लागले होते. मग एवढ्या उन्हात अंगावर काटा आला, थंडी वाजली. मला बरं वाटलं, म्हटलं वारा सुटला. ठकूबाईला सांगायला गेले की वारा सुटला, तर शब्द तोंडात जुळेनात. मी कुणावर तरी ओरडले म्हणे, की कांदे पळतायत, धरा. बाया आधी हसल्या. मग मी वाफ्यात तोंडावर पडले.

दवाखान्यात तीच खोली, तीच खाट. करण होता, छगन होता, आप्पासाहेबांचा मुलगा अंगद होता. ठकूबाई माझ्या डोक्यावर हात ठेवून उशाशी उभी. आत्यांच्या वेळचेच डॉक्टर होते, रोज शंभर माणसं बघतात, त्यांना माझा चेहरा काही आठवला नाही. त्यांनी विचारलं, पाणी पिता का पुरेसं?

ताई, या प्रश्नाचं उत्तर माझ्याइतकं पाठ कुणाला असेल? सासूचं उत्तर मी फडाफडा दिलं होतं. माझ्या वेळेला मी खोलीतली माणसं बघितली. छगन बघितला. उद्या मी वाफ्यातून उठले की हा मनात काय म्हणेल, ते मला त्याच्या तोंडावर दिसलं. आणि माझं तोंड उघडलं, त्यातून तुमच्या आईचंच वाक्य बाहेर आलं. भरपूर पिते म्हणाले. करणही म्हणाला, हो डॉक्टर, जारच्या जार संपतात. डॉक्टरांनी मान हलवली, पित्त आहे म्हणाले, उपाशीपोटी उन्हात जाऊ नका.

मला वाटलं, ठकूबाई बोलेल. मी आत्यांचं बोलले तशी ती माझं बोलेल. मी मनातून तिला बोल बोल म्हणत होते. ती गप्प राहिली. बाहेर आल्यावर माझा हात दाबून म्हणाली, "काळजी करू नगं, म्या काय बी बोलले न्हाई." तिनं माझी अब्रू राखली, ताई. मी तिला काय म्हणू?

काल लघवीला लाल झालं. पाय सकाळी सुजलेले असतात, चप्पल चढत नाही. करणला सांगितलं तर तो दवाखान्यातच नेणार, आणि तिथे परत तेच विचारणार. काम सोडते म्हणाले तर तो म्हणतो, पित्तानं कुणी काम सोडतं का. खोटं माझंच, त्यामुळे भांडताही येत नाही. मी रोज पहाटे उठते तेव्हा वाटतं आज कुणी तरी थांबवेल. कुणी थांबवत नाही, गाडी येते, मी बसते.

मला आत्यांचा आता राग येत नाही. त्या दिवशी त्यांना काय झालं असेल ते मला त्या खाटेवर पडून कळलं. पण हे त्यांना सांगू नका.)


कोल्हार, ९ मे

(वहिनी, आई बोलते आहे, मी लिहिते आहे. जसं बोलते तसंच लिही अशी तंबी आहे. मधे माझं काही असेल ते कंसात, तुमच्यासारखं.)

मोनिका,

आशीर्वाद. मी तुझ्याशी बोलत न्हाई, हे निकीकडनं लिव्हून घेतीया, म्हंजे बोलनं झालं न्हाई.

तू कंसात लिव्हती वाचू नका, आन् निकी आदी त्येच वाचती. पयल्या पत्रापासनं. तुला काय वाटलं, माझी लेक हाय का तुझी? ठकी पडली म्हनून लिव्हलंस. ठकी पडायची न्हाई. ठकी उसाच्या फडावर बाळंत झाली आन् चवथ्या दिवशी मोळी उचलली तिनं. कंस नसता तरी म्या वळखलं असतं, तू पडलीस.

तू म्हनलीस शब्द मागं घ्या. तू दुसऱ्यांदा लिव्हलंस, तवाच म्या आप्पासाहेबाला फोन लावला हुता. त्यो वैनी वैनी करीत ऱ्हायला आन् मी तुळशीचं, शेळीचं बोलून ठिवून दिला. जीभ उचलंना. तुला वाटंल सासूनं सूड धरला. तसं न्हाई. मी टोळी मोडली तर बाया जातील दुसऱ्याच्या मळ्यात. तितं कुठं झाडं हायेत? तुला एकलीला सोडवली तर तुझ्या जागी ठकी बसंल म्होरं. तिला बी मूत हायच की. मी लई रात इचार केला, कुनाला काढू आन् कुनाला ठिवू. सोडवायला जागाच न्हाई गावली मला.

चूळ भरायचं मीच शिकवलं, खरं हाय. मला माझ्या सासूनं शिकवलं. ती म्हनायची, बाईनं रानात तोंड वलं ठिवायचं, पोट न्हाई. मला तवा त्ये शानपन वाटलं.

(वहिनी, हे आई सांगत नाही, म्हणून मी लिहिते. इथं संडास घरात आहे, पण दार बैठकीत उघडतं आणि हे किंवा मामंजी तिथं बसलेले असतात. आई त्यांच्यासमोरून जात नाही. मी हातात तांब्या देते, समोर उभी राहते, ती दोन घोट घेते आणि मला काहीतरी आणायला पाठवते. परवा बघितलं, उरलेलं मोगऱ्याच्या कुंडीत ओतत होती. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं पाणी मोगरा पितोय. मी ओरडले तर म्हणाली, सवयच ऱ्हायली न्हाई. तिचे पायही सुजलेत.)

काय लिव्हतीस गं येवढं? मी येवढं बोलले न्हाई. खोड त्ये.

आता ऐक. काल निकीनं तुझा कंस वाचला, लाल झालं त्यो. मी म्हनले, परत वाच. तिनं परत वाचला. मंग मी उठले, बैठकीत गेले. जावई बसल्याला, त्याचा बाप बसल्याला, शेजारचा येक मानूस सोयरिकीचं बोलाया आल्याला. मी निकीला म्हनले, त्या तिसगावच्या डॉक्टरला फोन लाव, आन् मोठ्यानं वाजंल असा लाव, मला कमी ऐकू येतंय. डॉक्टर बोलला तवा मी म्हनले, आठ दिसामागं माझी सून आल्ती, तिला पित्त न्हाई. ती खोटं बोलली. ती पानी पीत न्हाई, कारन मुतायला जागा न्हाई. तिला आग हुती, लाल हुतं, पाय सुजत्यात. तिचं रगत तपास. मी खोटं बोलले हुते तवा तिनं खरं सांगितलं, म्हनून मी जित्ती हाय.

(बैठकीत यांनी पेपर तोंडासमोर धरला, तो कालचा होता.)

मंग करनला केला. त्यो म्हनला, आई, काय बोलतीस, मी गाडीवर हाय, मानसं हायेत. मी म्हनले, असू दे मानसं, त्यांच्या बी घरात बाया हायेत. बायकुला आज दवाखान्यात ने, उद्या न्हाई. न्हाई नेलीस तर आसंल तशी मी येती.

मंग आप्पासाहेबाला केला. ह्या टायमाला शेळीचं बोलले न्हाई. त्यो म्हनला, वैनी, जाळी बांधून दिलीया की. मी म्हनले, जाळीत छगनची गाडी मुततीया. तवा म्हनला छगनला आन् भरनीवाल्यांना दुपारच्याला विहिरीपल्याड धाडतो. धाडंल का न्हाई, त्ये त्यालाच म्हाईत. न्हाई धाडलं तर मी रोज फोन करनार, रोज त्योच शब्द बोलनार. जिभंला आता सवय झालीया.

म्हंजे झालं ते असं. तिसगावच्या दवाखान्यात कळलं, करनच्या गाडीवर कळलं, आप्पासाहेबाच्या वट्यावर कळलं, कोल्हारात माझ्या व्याह्याम्होरं कळलं. तू माझी चारचौघांत काढलीस, मी तुझी दोन गावांत काढली. तुला राग यील. येऊ दे. माझ्यावानी रुसून बस, म्हैना न् म्हैना बोलू नगस, फोन केला तर नुसता कानाला लाव.

पर रगत तपासून आल्यावर लाव. आन् पानी पिऊन लाव. हितं मी बी तांब्या घेऊन बसली हाय. जावई उठंना झालाय बैठकीतनं, पर आता त्याला सगळंच म्हाईत झालंय, मंग लाजू कुनाला?

छबूबाई